थायअँथ्रीनचे महाआम्लातील प्रोटोनेशन: नमुन्याच्या शुद्धतेपासून वर्णपट वाचण्यापर्यंतचा क्रम

दोन ॲरोमॅटिक कड्यांना गंधकाच्या अणूने जोडणारी डायबेन्झोथायोफीन, फिनॉक्झाथिइन आणि थायअँथ्रीन यांसारखी संयुगे महाआम्लात, म्हणजे १०० टक्के सल्फ्युरिक आम्लापेक्षाही तीव्र अशा सुपरॲसिडमध्ये, विरघळवली की ट्यूबमध्ये बहुतेक वेळा गडद रंग येतो, आणि तो रंग पाहून नवखा संशोधक वहीत ‘प्रोटोनेशन झाले’, म्हणजे रेणूने प्रोटॉन घेतला, अशी नोंद करतो. ही नोंद पुष्कळदा चुकीची असते. ही संयुगे इलेक्ट्रॉन सहज सोडतात आणि आपण वापरतो ती आम्ले प्रोटॉन देण्याबरोबरच ऑक्सिडीकरणही करतात. त्यामुळे आपण अभ्यासत असलेला पदार्थ प्रोटॉन घेतलेला कॅटायन (धनभारित आयन) आहे की इलेक्ट्रॉन गमावलेला रॅडिकल कॅटायन आहे, हा प्रश्न पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. पुढील क्रम त्याच प्रश्नाभोवती बांधलेला आहे. मुख्य उदाहरण थायअँथ्रीनचे घेतले आहे, कारण सर्वांत जास्त फसगत त्याच्याच बाबतीत होते.

सावधान. हे काम एकट्याने, रात्री उशिरा किंवा पुस्तकात वाचून प्रथमच करण्याचे नाही. फ्लुओरोसल्फ्युरिक आम्ल आणि अँटिमनी पेंटाफ्लुओराइड ही दोन्ही पाण्याच्या संपर्कात आल्यावर हायड्रोजन फ्लुओराइड देतात, आणि त्याची इजा सुरुवातीला दुखत नसली तरी आत खोलवर जाते. चालू फ्यूम हूड, चेहरा पूर्ण झाकणारी ढाल, जाड निओप्रीनचे हातमोजे आणि हाताच्या अंतरावर २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल असल्याशिवाय बाटली उघडू नये. जेल लावणे हा प्रथमोपचार आहे, उपचार नव्हे. थेंब जरी अंगावर पडला तरी भरपूर पाण्याने धुऊन, जेल लावून, थेट रुग्णालय गाठावे.

## टप्पा १: संयुगाची शुद्धता

बाटलीवर ९८ टक्के लिहिलेले असले तरी उरलेले २ टक्के काय आहेत हे महत्त्वाचे असते. थायअँथ्रीनमध्ये त्याचे सल्फॉक्साइड (गंधकावर एक ऑक्सिजन बसलेले रूप) अल्प प्रमाणात असणे नेहमीचेच आहे, आणि हे सल्फॉक्साइड तीव्र आम्लात गेले की त्यातूनही थायअँथ्रीनचा रॅडिकल कॅटायन तयार होतो. म्हणजे आम्ल निर्दोष असूनही रंग येईल आणि दोष आम्लाला दिला जाईल.

म्हणून नमुना आधी अल्युमिनाच्या छोट्या स्तंभातून काढावा. सल्फॉक्साइड वर अडकून राहते आणि सल्फाइड, म्हणजे मूळ संयुग, पुढे निघून येते. नंतर ॲसिटोनमधून पुनःस्फटिकीकरण करून, निर्वातात वाळवून, वितळणबिंदू पाहावा: थायअँथ्रीनचा १५६ ते १५८ अंश सेल्सिअस, डायबेन्झोथायोफीनचा ९७ ते १०० आणि फिनॉक्झाथिइनचा ५६ ते ५८ अंशांच्या आसपास. ॲसिटोनचा अंशही उरू देऊ नये, कारण महाआम्लात तो स्वतःच प्रोटॉन घेतो आणि वर्णपटात पाहुण्यासारखा बसून राहतो.

तपासणी. जीसी-एमएसवर (घटक वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) थायअँथ्रीनचे वस्तुमान २१६ येते आणि त्याच्या सल्फॉक्साइडचे २३२. येथे एक गंमतीचा, पण त्रासदायक योगायोग आहे. डायबेन्झोथायोफीनचे सल्फोनही (गंधकावर दोन ऑक्सिजन) २१६ वर येते आणि त्याचे सल्फॉक्साइड फिनॉक्झाथिइनप्रमाणे २०० वर येते. एकाच दिवशी दोन-तीन संयुगे हाताळत असाल, तर केवळ वस्तुमानावर विसंबून ओळख पटवू नका. स्तंभातून बाहेर येण्याची वेळही जुळवून पाहा.

साध्या द्रावकात घेतलेला, म्हणजे तटस्थ रेणूचा, हायड्रोजन आणि कार्बन-१३ चा एनएमआर (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) वर्णपट याच टप्प्यावर जपून ठेवावा. क्लोरोफॉर्ममध्ये थायअँथ्रीनच्या कार्बनचे तीनच संकेत दिसतात, सुमारे १२७.७, १२८.८ आणि १३५.६ पीपीएमवर. पुढची सर्व तुलना यांच्याशी करायची आहे.

## टप्पा २: आम्लाची निवड आणि तयारी

सर्वांत तीव्र आम्ल घेतले की काम सर्वांत चांगले होईल, ही समजूत येथे महागात पडते. आम्लाची तीव्रता वाढते तशी ऑक्सिडीकरणाची ताकदही वाढते, विशेषतः अँटिमनी पेंटाफ्लुओराइड मिसळल्यावर. त्यामुळे पायरीपायरीने वर जावे. आम्लाची तीव्रता मोजणाऱ्या हॅमेट मापावर (आकडा जितका उणे, तितके आम्ल तीव्र) १०० टक्के सल्फ्युरिक आम्ल सुमारे उणे १२ वर असते, ट्रायफ्लिक आम्ल उणे १४.१ वर आणि फ्लुओरोसल्फ्युरिक आम्ल उणे १५.१ वर. त्यात एकास एक मोल प्रमाणात अँटिमनी पेंटाफ्लुओराइड मिसळून होणारे ‘मॅजिक ॲसिड’ यापेक्षा कितीतरी खाली, उणे २३ च्या आसपास मानले जाते.

माझा क्रम असा असतो: आधी ट्रायफ्लिक आम्ल, मग नुसते फ्लुओरोसल्फ्युरिक आम्ल, मग ४:१ मिश्रण, आणि गरज पडली तरच १:१. गंधकावर प्रोटॉन बसायला जेवढी तीव्रता लागते, त्यापेक्षा कड्याच्या कार्बनवर तो टिकवायला साधारणतः जास्त लागते. त्यामुळे एकच संयुग या पायऱ्यांवर कसे बदलत जाते, ही स्वतःच उपयुक्त माहिती असते. थेट १:१ मिश्रणावर उडी मारणारा ती गमावतो.

फ्लुओरोसल्फ्युरिक आम्ल कोरड्या, पूर्ण काचेच्या उपकरणात, कोरड्या नायट्रोजनखाली दोनदा ऊर्ध्वपातित करावे आणि १६३ अंशांच्या जवळ येणारा मधला अंशच घ्यावा. सुरुवातीच्या अंशात हायड्रोजन फ्लुओराइड आणि सल्फर ट्रायऑक्साइड येऊ शकते. पहिले काच खाते, तर दुसरे आपल्या संयुगाचे सल्फोनेशन आणि ऑक्सिडीकरण करते. हायड्रोजन फ्लुओराइड नसलेले फ्लुओरोसल्फ्युरिक आम्ल काचेत ठेवता येते. ठेवल्यावर काच धुरकट होऊ लागली, तर ऊर्ध्वपातन नीट झालेले नाही असे समजावे.

अँटिमनी पेंटाफ्लुओराइड मधासारखे घट्ट असते. ते पातळ सुईने ओढण्याचा प्रयत्न करू नये. सुई तुंबते आणि मग जोर लावणाऱ्याच्या हातात सिरिंज सुटून येते. रुंद नळीने, शक्यतो ग्लव्ह बॉक्समध्ये, ते तोलून घ्यावे, आकारमान मोजून नव्हे. हिशेब सोपा आहे. २ मिलिलिटर फ्लुओरोसल्फ्युरिक आम्ल म्हणजे सुमारे ३.४६ ग्रॅम, म्हणजेच ३४.६ मिलिमोल. ४:१ मिश्रणासाठी त्यात १.८७ ग्रॅम पेंटाफ्लुओराइड लागते आणि १:१ साठी ७.५ ग्रॅम. आम्ल थंड ठेवून पेंटाफ्लुओराइड हळूहळू त्यात घालावे आणि मिश्रण एकजीव होईपर्यंत थांबावे.

तपासणी. संयुग न घालता नुसत्या आम्लाचा हायड्रोजन वर्णपट घ्या. आम्लाचा रुंद संकेत १० ते ११ पीपीएमच्या परिसरात असतो. त्याच परिसरात वेगळा असा हायड्रोनियमचा संकेत दिसत असेल, तर कुठेतरी ओलावा शिरला आहे. हा कोरा वर्णपट जपून ठेवा, कारण तो नसेल तर पुढे प्रत्येक अनोळखी रेघ ‘नवा कॅटायन’ वाटू लागते.

## टप्पा ३: द्रावक आणि तापमान

द्रावक म्हणून सल्फ्युरिल क्लोराइड फ्लुओराइड घ्यावे. ते ७ अंशांना उकळते आणि उणे १२० अंशांच्याही खाली गेल्यावर गोठते, त्यामुळे कामाला भरपूर पल्ला मिळतो. सल्फर डायऑक्साइड स्वस्त आणि सहज मिळणारे असले तरी त्याला दोन खोडी आहेत. ते उणे ७५ अंशांच्या जवळ गोठते, आणि शिवाय ते स्वतः अभिक्रियेत उतरून ॲरोमॅटिक कड्यावर सल्फिनिक आम्लाचा गट बसवू शकते. इलेक्ट्रॉनसंपन्न कड्यांच्या बाबतीत ही शक्यता दुर्लक्षिण्यासारखी नाही.

ड्राय आइसच्या बाथसाठी सर्रास ॲसिटोन वापरले जाते आणि उणे ७८ अंश सहज मिळतात. परंतु ट्यूब तडकली तर महाआम्ल थेट ॲसिटोनमध्ये जाईल, हे लक्षात ठेवून बाथ उथळ ठेवावा आणि ट्यूब बाथच्या तळाला टेकू देऊ नये. ट्यूबचे तोंड बाथच्या पातळीपासून बरेच वर असले पाहिजे, नाहीतर थंडाव्याने साचलेले दव आत ओघळते.

## टप्पा ४: मिसळण्याचा क्रम

सर्वाधिक नमुने याच टप्प्यावर वाया जातात, म्हणून येथे घाई करू नये.

पहिली गोष्ट प्रमाणाची. २० मिलिग्रॅम थायअँथ्रीन म्हणजे सुमारे ०.०९ मिलिमोल. ४:१ मिश्रणाचे ०.२५ मिलिलिटर घेतले, तर त्यात फ्लुओरोसल्फ्युरिक आम्ल सुमारे ३५ पट आणि अँटिमनी पेंटाफ्लुओराइड सुमारे ९ पट पडते. एवढी मुबलकता हवीच. आम्ल कमी पडले, तर काही रेणू प्रोटॉन घेतलेले आणि काही तटस्थ राहतात, आणि इलेक्ट्रॉनची भूक लागलेला कॅटायन शेजारच्या तटस्थ रेणूवर तुटून पडतो. त्यातून जोडरेणू आणि डांबरासारखा गाळ तयार होतो.

याच कारणासाठी संयुग आम्लात घालावे, आम्ल संयुगात नव्हे.

१. कोरड्या, नायट्रोजन भरलेल्या छोट्या नळीत संयुग घेऊन त्यावर ०.३ ते ०.४ मिलिलिटर द्रावक थंडीत साठवून घ्यावे. उणे ७८ अंशांना सगळे विरघळणार नाही. बारीक लगदा झाला तरी चालतो, खडे मात्र नकोत.

२. दुसऱ्या नळीत मोजलेले आम्ल आणि थोडे द्रावक घेऊन तेही उणे ७८ अंशांना आणावे. थंड आम्ल फार घट्ट होते, म्हणून द्रावक घालून ते ढवळण्याजोगे करावे.

३. लगदा थोडाथोडा करून आम्लात सोडावा आणि प्रत्येक वेळी व्होर्टेक्स मिक्सरवर काही सेकंद धरून लगेच परत बाथमध्ये ठेवावा. मिक्सरवर जास्त वेळ धरलेली नळी तापते, आणि नमुना खराब होण्याचे हे अगदी क्षुल्लक वाटणारे कारण असते.

४. द्रावण स्वच्छ झाल्यावर, आधीच थंड केलेल्या एनएमआर ट्यूबमध्ये ते थंड पिपेटने घ्यावे.

थेट एनएमआर ट्यूबमध्येच काम करायचे असेल, तर अरुंद जागेमुळे लगद्यावर आम्ल घालण्यावाचून गत्यंतर नसते. मग ते शक्य तितक्या लवकर आणि जोरात मिसळून घ्यावे. भिंतीवर रंगीत पट्टे आणि मध्ये पांढरे कण दिसत राहिले, तर तो नमुना सोडून द्यावा. असा नमुना ‘वाचवण्यासाठी’ उणे ३० पर्यंत तापवण्याचा मोह मला एकदा झाला होता. द्रावण एकजीव झाले, वर्णपटही सुबक आला, फक्त तो मी घातलेल्या संयुगाचा नव्हता.

सावधान. ट्यूब घट्ट बंद करून खोलीच्या तापमानाला कधीही आणू नये. द्रावक ७ अंशांना उकळतो, म्हणजे पुण्या-मुंबईतच काय, महाबळेश्वरच्या हिवाळ्यातही ती ट्यूब दाबाखालीच असेल.

## टप्पा ५: रॅडिकल कॅटायन आहे का, हे आधी पाहणे

एनएमआरचा वेळ मिळवण्यापूर्वी हा टप्पा उरकावा. थायअँथ्रीनचा रॅडिकल कॅटायन गडद जांभळा-निळा दिसतो, आणि साध्या सांद्र सल्फ्युरिक आम्लातही तो तयार होतो. पण केवळ रंगावरून निर्णय नको, कारण अत्यल्प रॅडिकलही संपूर्ण नळी रंगवतो, आणि प्रोटॉन घेतलेले कॅटायनही रंगहीन असतीलच असे नाही.

खात्रीचा मार्ग ईएसआरचा, म्हणजे जोडी नसलेले इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या वर्णपटाचा, आहे. थायअँथ्रीनच्या रॅडिकल कॅटायनचा वर्णपट पाच रेघांचा, १:४:६:४:१ या उंचीच्या प्रमाणात येतो. गंधकापासून दूरच्या चार समान हायड्रोजनमुळे ही फाळणी होते, दोन रेघांमधील अंतर सुमारे १.२८ गॉस असते आणि जी-मूल्य (वर्णपटाची जागा सांगणारा आकडा) २.००८ च्या जवळ येते.

ईएसआर उपलब्ध नसेल, तर एनएमआरमध्येच खुणा शोधाव्यात. काही हायड्रोजनांच्या रेघा पसरट आणि काहींच्या त्यामानाने टोकदार, कार्बनचे काही संकेत गायब, नमुना आणखी थंड केल्यावर रूप बदलणे: हे सगळे तटस्थ किंवा प्रोटॉन घेतलेल्या रेणूबरोबर थोडा रॅडिकल मिसळलेला असल्याचे लक्षण असू शकते. घट्टपणामुळे येणारा पसरटपणा सर्व रेघांना, संदर्भाच्या रेघेलाही, सारखाच लागतो. हा फरक लक्षात ठेवला तर बराच मनस्ताप वाचतो.

सावधान. थायअँथ्रीन रॅडिकल कॅटायनचा तुलनेसाठी घन नमुना हवा, म्हणून त्याचे परक्लोरेट बनवू नये. ते स्फोटक आहे.

## टप्पा ६: वर्णपट घेणे

यंत्रावर जाण्यापूर्वी तापमान मिथेनॉलच्या नमुन्याने तपासून घ्यावे. पडद्यावर दिसणारा आकडा आणि ट्यूबमधील खरे तापमान यांत काही अंशांचा फरक असणे नवलाचे नाही. संदर्भासाठी आणि लॉकसाठी (यंत्राचे चुंबकीय क्षेत्र स्थिर ठेवण्यासाठी) ड्यूटेरियमयुक्त, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या, डायक्लोरोमिथेनचे काही थेंब पुरतात. त्याचा उरलेला हायड्रोजन ५.३२ वर आणि कार्बन सुमारे ५३.८ पीपीएमवर धरावा. मात्र हे दोन्ही आकडे नेमके आपल्याला जेथे कार्बनवर प्रोटॉन बसल्याची खूण शोधायची आहे, त्या भागातच पडतात. म्हणून शंका आली तर संदर्भ बंद कॅपिलरीत ठेवून दुसरा नमुना घ्यावा.

आधी झटपट हायड्रोजन वर्णपट, मग कार्बन, मग डीईपीटी-१३५ (कार्बनवर किती हायड्रोजन आहेत हे सांगणारा प्रयोग) आणि एचएसक्यूसी (कोणता हायड्रोजन कोणत्या कार्बनवर आहे हे जोडून दाखवणारा), आणि सर्वांत शेवटी पुन्हा हायड्रोजन. पहिला आणि शेवटचा हायड्रोजन वर्णपट एकमेकांवर ठेवून जुळले नाहीत, तर मधल्या काळात नमुना बदलला आहे आणि त्या काळातील कार्बन वर्णपटावर निष्कर्ष काढू नये. ट्यूब फिरवू नये. आत सोडण्यापूर्वी बाहेरचे दव पुसून घ्यावे, नाहीतर ते प्रोबमध्ये गोठून बसते आणि यंत्र सांभाळणाऱ्याचे बोलणे ऐकावे लागते.

## टप्पा ७: संकेत मोजणे, मगच अर्थ लावणे

केमिकल शिफ्टच्या, म्हणजे संकेत पीपीएममध्ये कोठे पडतो त्या, आकड्यांकडे धाव घेण्याआधी संकेत मोजावेत. सममिती खोटे बोलत नाही. आकड्यांचा अर्थ मात्र हवा तसा लावता येतो.

थायअँथ्रीनमध्ये १२ कार्बन आहेत आणि तटस्थ रेणूत त्यांचे ३ संकेत येतात. एका गंधकावर प्रोटॉन बसला, तर दोन्ही कडी एकसारखीच राहतात, पण प्रत्येक कड्यातील सहाही कार्बन वेगळे होतात: ६ संकेत. दोन्ही गंधकांवर बसला, तर पुन्हा ३. कड्याच्या कार्बनवर बसला, तर काहीच सममिती उरत नाही: १२ संकेत. डायबेन्झोथायोफीन आणि फिनॉक्झाथिइन यांचे तटस्थ रेणूचे ६ संकेत गंधकावर प्रोटॉन बसल्यावरही ६ च राहतात, आणि कार्बनवर बसल्यावर १२ होतात.

थायअँथ्रीनमध्ये ३ संकेत दिसले म्हणून ‘दुहेरी प्रोटोनेशन’ जाहीर करणे ही नेहमीची चूक आहे. एकच प्रोटॉन दोन गंधकांमध्ये वेगाने ये-जा करत असेल, तरीही सरासरी होऊन ३ च दिसतील. अशा सरासरीचे उत्तम उदाहरण साध्या बेंझीनचे आहे. प्रोटॉन घेतलेल्या बेंझीनचा, म्हणजे बेंझिनियमचा, वर्णपट उणे १३५ अंशांच्या आसपास घेतला तर कार्बन ५२.२, १८६.६, १३६.९ आणि १७८.१ असे वेगळे दिसतात. तेच द्रावण थोडे तापवले, की प्रोटॉन कड्याभोवती फिरू लागतो आणि १४४.८ वर एकच संकेत उरतो. म्हणून ३ संकेत आले की नमुना उणे १०० च्या खाली नेऊन रेघा रुंदावतात का, फुटतात का, हे पाहावे, आणि आम्लाचे प्रमाण बदलूनही पाहावे.

संख्या ठरली, की मग आकडे. कार्बनवर प्रोटॉन बसला असेल, तर नवा सीएच२ गट तयार होतो. हायड्रोजनमध्ये तो साधारण ४ ते ६ पीपीएमच्या दरम्यान आणि कार्बनमध्ये ३५ ते ५५ च्या परिसरात सापडतो, आणि डीईपीटी-१३५ मध्ये त्याची रेघ उलटी येते. त्याच वेळी त्याच्या शेजारचे आणि समोरचे कार्बन बेंझिनियमप्रमाणे बरेच वर, १७० च्याही पुढे, सरकू शकतात. उलटी रेघ नाही, तर कार्बनवर स्थिर प्रोटॉन असल्याचा दावाही नाही.

गंधकावरचा प्रोटॉन ओळखणे जास्त नाजूक आहे. प्रोटॉन घेतलेल्या साध्या अल्किल सल्फाइडांत गंधकावरचा हायड्रोजन ६ ते ६.५ च्या आसपास दिसतो. ॲरिल संयुगांत तो ॲरोमॅटिक गर्दीत लपू शकतो किंवा आम्लाशी अदलाबदल होऊन पूर्णपणे नाहीसा होतो. तो दिसला नाही म्हणजे गंधकावर प्रोटॉन नाही, असे म्हणता येत नाही. अशा वेळी गंधकाला चिकटलेल्या कार्बनकडे पाहावे. डायफिनाइल सल्फाइडमध्ये तो सुमारे १३६ वर असतो, तर ट्रायफिनाइलसल्फोनियममध्ये सुमारे १२४ वर, म्हणजे धनभार आल्यावरही तो खाली उतरतो. ‘धनभार आला की सर्व कार्बन वर सरकतात’ या सरसकट नियमाने वर्णपट वाचणारे येथे हमखास चुकतात.

गणिती पडताळणीबद्दल थोडक्यात. संभाव्य प्रत्येक रचनेची डीएफटीने (रेणूची इलेक्ट्रॉनरचना संगणकावर काढण्याच्या पद्धतीने) भूमिती काढून जीआयएओ या एनएमआरच्या गणनापद्धतीने केमिकल शिफ्ट काढाव्यात आणि निरीक्षणांशी ताडून पाहाव्यात. वायुरूपातील ऊर्जांवरून कोणती जागा ‘जिंकते’ हे ठरवू नये. द्रावणातील प्रतिआयन आणि द्रावक त्या हिशेबात नसतात, आणि दोन जागांमधील फरक कमी असेल तर क्रम उलटू शकतो. तटस्थ रेणूंसाठी जी पद्धत चांगले आकडे देते, ती आधी बेंझिनियमवर चालवून पाहावी.

## टप्पा ८: द्रावण निवळवणे (आम्ल उदासीन करणे) आणि परत मिळालेला पदार्थ

हा टप्पा अनेकजण गाळतात, आणि नेमका येथेच टप्पा ५ मधील शंकेचा निकाल लागतो.

प्लॅस्टिकच्या मोठ्या भांड्यात चुरलेला बर्फ आणि सोडियम बायकार्बोनेट यांचा लगदा करावा. काचेचे भांडे नको, कारण फ्लुओराइड सुटते. ०.२५ मिलिलिटर आम्लासाठी १ ते १.५ ग्रॅम बायकार्बोनेट हिशेबाने पुरते, पण प्रत्यक्षात ५ ग्रॅम घ्यावे. थंड द्रावण थेंबाथेंबाने लगद्यात सोडावे आणि फेस बसू द्यावा. पाणी कधीही आम्लावर ओतू नये. नंतर डायक्लोरोमिथेनने अर्क काढून जीसी-एमएस आणि हायड्रोजन एनएमआर पाहावे.

केवळ प्रोटोनेशन झाले असेल, तर मूळ संयुग जवळजवळ पूर्णपणे परत मिळाले पाहिजे. थायअँथ्रीनचा रॅडिकल कॅटायन पाण्याला भेटला, की दोन रेणूंपैकी एक थायअँथ्रीन म्हणून परत येतो आणि एक सल्फॉक्साइड होतो. म्हणून अर्कात २१६ आणि २३२ ही दोन्ही वस्तुमाने सारख्याच मोल प्रमाणात मिळाली, तर ट्यूबमध्ये प्रामुख्याने काय होते, हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही. सल्फोनिल फ्लुओराइड किंवा डायॲरिल सल्फोन सापडले, तर आम्लाने कड्यावर हल्ला केला आहे. तापमान तपासा, आणि आम्ल पुन्हा ऊर्ध्वपातित करा.

प्रोटॉन कार्बनवर गेला होता का, याची आणखी एक तपासणी ड्यूटेरियमयुक्त आम्लाने करता येते. कार्बनवर गेला असेल, तर परत मिळालेल्या कड्यावर ड्यूटेरियम राहते आणि वस्तुमान २१७ किंवा त्यापुढे सरकते. फक्त गंधकावर गेला असेल, तर धुतल्यावर काहीच उरत नाही. मात्र मुख्य कॅटायन गंधकावरचा असला, तरी एखादा प्रोटॉन अधूनमधून कार्बनवर जाऊन परत येत असेल, तर वेळ जाईल तसे ड्यूटेरियम साचत जाते. म्हणून ५ मिनिटांनी आणि २ तासांनी असे दोन नमुने वेगवेगळे निवळवावेत. ५ मिनिटांच्या नमुन्यात ड्यूटेरियम जवळजवळ नसेल आणि २ तासांच्या नमुन्यात असेल, तर वर्णपटात दिसलेला कॅटायन कार्बनवरचा होता असे लिहिण्यास हा पुरावा पुरेसा नाही.